बुधरीच्या मोहाखालचा ओरखडा

माझा भाऊ देवाजी दुर्गे याला गावात कोणी देवाजी म्हणत नाही. सगळे लाइनवाला म्हणतात. सावली तालुक्यातलं आमचं बेलतुकूम. त्याच्या शिवारातून, जमिनीखालून, गॅसची मोठी लाइन गेली आहे. ती कुठून येते आणि कोणत्या कारखान्याला जाते हे आम्हाला धड ठाऊक नाही. आमच्या चुलीला तिचा काडीचा उपयोग नाही. वर दिसतात त्या फक्त पिवळ्या पाट्या, ‘येथे खोदू नये’ लिहिलेल्या. या पाटीपासून त्या पाटीपर्यंत रोज चालायचं, कोणी खोदतंय का, माती खचली का, एखाद्या जागी पीक उगाच वाळलंय का ते बघायचं आणि कंपनीला कळवायचं, ही देवाजीची नोकरी. गळ्यात ओळखपत्र, हातात काठी, खिशात कंपनीचा फोन. नोकरीत नवा होता तेव्हा त्याची ऐट बघण्यासारखी होती. लग्नाच्या मांडवाचा खांब लाइनजवळ रोवला म्हणून त्याने सोयऱ्यांशी भांडण केलं होतं, आणि भर मांडवात तो खांब उपटायला लावला होता.

त्याचं दुसरं काम म्हणजे आमच्या नाट्यमंडळाचा प्रॉम्प्टर. विंगेत पुस्तक घेऊन बसायचं आणि अडलेल्याला वाक्य पुरवायचं. ही खोड घरातही होती. मी ‘आज भाजीत’ एवढं म्हणायचा अवकाश, हा ‘मीठ कमी पडलं’ म्हणून मोकळा. माझी वहिनी सरिता म्हणायची, ‘‘या माणसासंग भांडताबी येत नाई, बाई. माहं बोलणं हाच पुरं करते.’’ मी अंगणवाडीत शिकवते, माझा आवाज मोठा आणि तोंड त्याहून मोठं, त्यामुळे मला त्याची ही सवय फार झोंबायची. पण एक सांगते, ऐन प्रसंगात वाक्य विसरलेल्या नटाला देवाजी ज्या मायेने सावरायचा, तेवढी माया मी सख्ख्या भावाकडून कधी अनुभवली नाही.

आता नाटकाचं. आमच्याकडे धान निघालं की रिकाम्या बांधीत मांडव पडतो. बांधी म्हणजे धानाचं शेत. त्यातली माती उकरून तिचाच उंच ओटा करायचा, तो रंगमंच. आणि उकरून जो उतरता खड्डा होतो त्यात लोक बसतात, म्हणजे मागच्यालाही नीट दिसतं. पूर्वी हे काम कुदळ-फावड्याने व्हायचं, आता जेसीबीने होतं. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. त्या दिवसांत गावातल्या लेकी माहेरी येतात आणि रुसलेले पाहुणेही झक मारत येतात.

पुढचं जे सांगणार आहे ते मला नंतर कळलं, देवाजीच्याच तोंडून. पण गोष्ट सरळ सांगितलेली बरी.

त्या वर्षी नेहमीच्या बांधीत कालव्याचं पाणी शिरलं होतं. मंडळाने बुधरीच्या मोहाच्या झाडाजवळची बांधी धरली. बुधरी ही आमच्या टोल्यावरची, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरची, गोंड बाई, नवरा गेलेली, मुलगा चैतू आणि सून ललिता यांच्यासोबत राहते. तो मोह तिच्या सासऱ्याच्या आधीपासून त्यांचा. त्याखालची फुलं दुसरं कोणी उचलत नाही. गॅसची लाइन त्या मोहाच्या अंगाने जाते. एवढ्या जवळ खोदायचं तर कंपनीचा माणूस बोलवायला पाहिजे, हे गावात देवाजीइतकं कोणालाच माहीत नव्हतं. पण कंपनीचा माणूस म्हणजे उशीर, आणि नाटकाची तारीख तर जाहीर झालेली. देवाजीने चुन्याची रेघ मारून दिली आणि मंडळाला म्हणाला, ‘‘याच्या पलीकडं बकेट नाई जाऊ द्याचं. मी हाव न इथी उभा.’’

उभा होता, हे खरं. पण तेवढ्यात नायिकेचं काम करणारी बाई वडशाच्या गाडीतून उतरली, आणि हा तिला वाक्यं समजावून द्यायला धावला. इकडे ओट्याला माती कमी पडली. जेसीबीवाला बाहेरगावचा, त्याला रेघेचं काय कौतुक? त्याने बकेट थोडं पुढे टाकलं. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज देवाजीला मांडवाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला.

धावत येऊन त्याने बघितलं. पाइपावरचं काळं आवरण फाटलं होतं आणि आत लोखंडावर चकचकीत ओरखडे उठले होते, बकेटच्या दातांचे, एकाशेजारी एक. गॅस निघत नव्हता. काही झालं नव्हतं. म्हणजे तेव्हा काही झालं नव्हतं. फोन खिशात होता. लावला असता तर कंपनीने काम थांबवलं असतं, आणि मांडव दुसरीकडे हलवावा लागला असता. शिवाय पहिला प्रश्न आला असता, तू कुठे होतास? पलीकडच्या टप्प्यावरच्या एका लाइनवाल्याने असंच खरं कळवलं होतं, तर त्यालाच घरी बसवलं होतं, हेही देवाजीला ठाऊक होतं. तो जेसीबीवाल्याला म्हणाला, ‘‘ओरखडाच त आहे. कोणाले सांगू नको.’’ आणि स्वतःच्या हातांनी त्याने ती माती परत लोटली, वर पाय दाबून बसवली.

नाटक फार रंगलं. खलनायक मेला तेव्हा लोकांनी त्याला परत उठून मरायला लावलं. देवाजीने एकही वाक्य चुकू दिलं नाही.

त्यानंतर माझा भाऊ बदलला, आणि आम्हाला वाटलं वय झालं. घरात कोणाचं वाक्य अडलं तरी तो गप्प राहायचा. पुढच्या वर्षी मंडळाचे लोक बोलवायला आले तर म्हणाला, घसा बसला. मी चिडवलं, ‘‘भाऊ, गळा बसला का अक्कल?’’ तो हसला नाही. खरी गोष्ट अशी होती की त्या मोहाजवळ आला की तो मान दुसरीकडे वळवायचा. पलीकडच्या धुऱ्याने, म्हणजे बांधाने, भरभर निघून जायचा. कंपनीच्या फोनमध्ये त्याचं चालणं उमटत होतं आणि कंपनीला तेवढं पुरे होतं. मान कुठे वळली हे फोनला दिसत नाही. सबंध लाइनवर जी एक जागा रोज वाकून बघायला हवी होती, तीच एक जागा तो बघत नव्हता. अपराधी माणूस किती मूर्ख होतो ते मी माझ्या भावात बघितलं.

त्याच पुढच्या वर्षी धानानंतर त्या बांधीत लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, पेरली होती. एकदा बुधरी त्याला वाटेत भेटली आणि म्हणाली, ‘‘भाऊ, माह्या मोहाजवळची लाखोळी गोलच्या गोल पिवळी पडून राह्यली. बाकी हिरवीगार आहे.’’ देवाजीने तिच्याकडे न बघताच उत्तर दिलं, ‘‘रोग पडला असन.’’ ज्या माणसाचं कामच वाळलेलं पीक शोधायचं, तो असं म्हणाला. तेव्हा तरी तो मोहाकडे वळला असता तर!

मोह गळायला लागायच्या आधी आमच्याकडे झाडाखालचा पालापाचोळा झाडून जाळतात. जमीन साफ झाली की सकाळी पडलेली पिवळी फुलं चटकन दिसतात. त्या दुपारी बुधरीने पाल्याला काडी लावली आणि ललिता हिरव्या फांदीने आग आवरत होती. मी अंगणवाडीत मुलांना खिचडी वाढत होते. आधी आवाज आला, मोठा स्टोव्ह पेटल्यावर येतो तसा, पण थांबेना. बाहेर येऊन बघते तर मोहाच्या अंगाला जमिनीतून जाळ उभा राहिलेला. धूर नाही, नुसता जाळ. आणि ललिता बांधीतून पळत येत होती, हात समोर धरून. तिचे दोन्ही हात आणि अर्धा चेहरा भाजला होता. ती ओरडत नव्हती. बुधरी ओरडत होती.

कंपनीने दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद केले तेव्हा जाळ हळूहळू बसला. ललिताला जिल्ह्याच्या दवाखान्यात हलवलं. आणि गावात, बाजारात, मोबाइलवर सगळीकडे एकच बोलणं सुरू झालं, मोहाच्या आगीने गॅसची लाइन पेटली. कंपनीचा साहेब आला, तोही तेच म्हणाला, या लोकांची आग लावायची सवय जात नाही. चैतूने आईशी बोलणं सोडलं. बुधरीने तर कोणाला दोष द्यायची वाटच बघितली नाही. ती दवाखान्याच्या ओसरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, ‘‘म्याच जाळलं माह्या सुनेले. ह्या हातानं काडी लावली.’’ मी तिला डबा घेऊन जायची. डबा तसाच परत यायचा.

देवाजी एकदा माझ्यासोबत आला. फाटकापर्यंत आला आणि तिथूनच परत फिरला. मी त्याला वाटेल ते बोलले. माणुसकी नाही का तुला, विचारलं. तो म्हणाला, ‘‘नाई, कांते.’’ मला वाटलं तो माझ्याशी वाद घालतोय. तो माझ्या प्रश्नाचं उत्तर देत होता.

मग चौकशी आली. कंपनीची नाही, सरकारच्या नियामक मंडळाची. मोनाली मॅडम म्हणून एक बाई होत्या, सोबत दोघं जण. आम्हाला वाटलं पोलिसांसारखं असेल, दोन दिवस दम देतील आणि जातील. तसं नव्हतं. त्यांनी मोहाजवळची माती थराथराने काढायला लावली. पाइपाचा फुटलेला तुकडा कापून, गुंडाळून तपासायला पाठवला. कंपनीला विचारलं, पाइपावर माती किती खोल आहे हे शेवटचं कधी मोजलं होतं? त्या बांधीतली माती धुपून कमी झाली होती आणि कोणी मोजलंच नव्हतं. इथे नाटकाचा खड्डा होतो, हे तरी कंपनीला माहीत होतं का? तेही नव्हतं.

ग्रामपंचायतीच्या सभागृहात त्यांनी गावाला बसवलं. म्हणाल्या, ‘‘आग कशाने लागली ते मला माहीत आहे. गॅस बाहेर कसा आला ते शोधायला मी आले आहे. पाला जाळल्याने जमिनीखालचा पाइप फुटत नाही. तो आधीच फुटलेला होता. या मोठ्या लाइनमधल्या गॅसला सिलिंडरसारखा वास नसतो, म्हणून कोणाला कळलं नाही.’’ मग त्यांनी फोटो दाखवला. लोखंडावर एकाशेजारी एक ओरखडे, आणि त्यातल्या एकातून गेलेला बारीक तडा. ‘‘लोखंडाची जखम भरून येत नाही. आतला दाब कमीजास्त होतो, तसा तडा पुढे सरकत जातो. हे जेसीबीच्या बकेटचे दात आहेत. तिथे कोणी खोदलं होतं?’’

नाट्यमंडळाचे लोक पंख्याकडे बघायला लागले. नाटक सगळ्यांनी बघितलं होतं, खड्डा सगळ्यांना माहीत होता. मी म्हणाले, ‘‘मॅडम, तिथी नाटकाचा मांडव होता. खड्डा खणला होता. पण लाइनवाला उभा होता, माहा भाऊच.’’ मला वाटलं मी त्याची बाजू घेतेय.

मॅडमनी त्याच्याकडे फक्त बघितलं. मग म्हणाल्या, आधी बुधरीबाईंचं ऐकू. बुधरी उठली. घाबरली की ती गोंडीतच बोलते. मॅडमना ते कळेना. लहानपणापासून टोल्यावर खेळलेला देवाजी गोंडी चांगली बोलतो. सरपंच म्हणाले, लाइनवाल्या, तू सांग मराठीतून.

तो तिच्या शेजारी उभा राहिला. बुधरी एक वाक्य बोलायची, तो ते मराठीत म्हणायचा. हेच त्याचं आयुष्यभराचं काम, दुसऱ्याचं बोलणं नीट पोचवणं. ‘‘त्या म्हणते, दरवर्षी आमी पाला जाळतो.’’ मग, ‘‘त्या म्हणते, सून नको म्हणत होती, ऊन लय आहे म्हणे.’’ बुधरी पुढे बोलली. देवाजी थांबला. बुधरीला वाटलं त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून तिने तेच पुन्हा सांगितलं, छातीवर हात मारून. सभागृहात सगळे त्याच्याकडे बघत होते. मी मनात म्हटलं, अरे बोल ना.

‘‘मॅडम, हे मी नाई सांगू शकत,’’ तो म्हणाला. ‘‘त्या म्हणते, पाप त्यायचं स्वतःचं आहे. ते खोटं आहे. बकेट लागलं तवा मी पाह्यलं होतं. फोन नाई केला. माती म्याच लोटली.’’

मी जागची उठले.

मला वाटलं मॅडम ओरडतील. देवाजीलाही तसंच वाटलं असणार; मला तर वाटतं, त्याला तेच हवं होतं. त्या ओरडल्या नाहीत. शांतपणे एकेक विचारत गेल्या. बकेट केवढं होतं? माती ओली होती की कोरडी? फोन का केला नाही? तो म्हणाला, नाटक बंद पडलं असतं. त्यांनी विचारलं, ‘‘पाइप दुरुस्त करून मांडव पलीकडे घेतला असता, तर नाटक किती पुढे गेलं असतं?’’ देवाजी म्हणाला, ‘‘पुढच्या हप्त्यात झालं असतं.’’ पलीकडच्या टप्प्यावर खरं सांगणाऱ्याला काढलं होतं, ही गोष्टही त्यांनी त्याच्याकडून काढून घेतली आणि कंपनीच्या साहेबाकडे मान वळवली. साहेबाने रुमाल काढला.

अहवालात पुढे काय काय आलं ते मी ऐकलं आहे. खोदण्याआधी गावाने कळवायचं आणि कंपनीने माणूस ताबडतोब पाठवायचा, मांडवाची जागा गाव आणि कंपनीने मिळून ठरवायची, मातीची खोली दरवर्षी मोजायची, धक्का लागल्याचं कळवणाऱ्याला शिक्षा करायची नाही. आता आमच्या नाटकाआधी कंपनीचा माणूस येऊन लाइन कुठे आहे ते यंत्राने शोधून झेंड्या लावतो. हे सगळं चांगलं झालं. देवाजीची नोकरी गेली, पोलिसांचं प्रकरण अजून चालू आहे, आणि त्याबद्दल त्याची काहीच तक्रार नाही. मला मात्र त्याचा राग आला तो अजून पूर्ण गेलेला नाही. भाऊ आहे म्हणून माया तुटत नाही आणि ललिताचा चेहरा बघितला की रागही तुटत नाही. दोन्ही सोबत घेऊन मी त्याला भाकरी वाढते.

सभेच्या दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात आत गेला. मी सोबत होते. बुधरी त्याला शिव्या देईल असं मला वाटलं. ती त्याच्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘भाऊ, मंग म्या नाई जाळलं तिले?’’

‘‘नाई बाई.’’

‘‘चैतूसमोर सांग.’’

त्याने चैतूसमोर सांगितलं. बुधरीने पुन्हा सांगायला लावलं. मग नर्सला बोलावून तिच्यासमोर सांगायला लावलं. प्रत्येक वेळी देवाजीचा चेहरा आणखी उतरत होता आणि बुधरीचा मोकळा होत होता. चैतू भिंतीकडे तोंड करून रडत होता. मग त्याने झाकण काढून मी आणलेला डबा आईसमोर धरला.

ललिता खाटेवरून हे सगळं ऐकत होती. हात पट्ट्यांत गुंडाळलेले, एक डोळा झाकलेला. देवाजी तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला आणि त्याला एक शब्द सुचेना. दुसऱ्यांना वाक्यं पुरवणारा माझा भाऊ! शेवटी तीच बोलली. ‘‘भाऊ, त्या साली खेळ लय भारी झाला होता. मी अन् आत्या अगदी समोरच बसलो होतो. माती नरम नरम होती, त मी तिथीच चादर टाकली.’’

ती रागाने बोलली नाही, हेच वाईट. आठवण आली तशी सांगितली. पण मला कळलं आणि देवाजीलाही कळलं, ती नरम माती कोणती ते. त्याने ताजी लोटलेली. सासू-सून त्याच ओरखड्यावर बसून त्याचं नाटक बघत होत्या, हसत होत्या, आणि तो विंगेतून त्यांच्याकडे बघत होता. देवाजी लहान पोरासारखा रडला.

ललिताची बोटं आता पूर्ण मिटत नाहीत. मोहाचं फूल बारीक, चिमटीत धरावं लागतं. ते तिला जमत नाही. बुधरीने झाडाखाली काडी लावणं सोडलं आहे, कितीही सांगितलं तरी लावत नाही. मोह गळायला लागला तेव्हा देवाजी खराटा घेऊन तिथे गेला. कोणी बोलावलं नव्हतं. पाला झाडून त्याने दूर नेऊन टाकला आणि दुसऱ्या सकाळी टोपली घेऊन फुलं वेचायला बसला. चैतूने त्याला हाकललं नाही आणि या, बसा असंही म्हटलं नाही. तेव्हापासून मोहाच्या दिवसांत तो रोज जातो, आणि भरलेली टोपली बुधरीच्या अंगणात ठेवून येतो.

परवा सकाळी मी त्या बाजूने गेले. देवाजी वाकून वेचत होता. ललिता मोहाला टेकून बसली होती. लाइनच्या बाजूची जागा त्याने तशीच सोडली होती, हे मला लांबून दिसलं. तो टोपली उचलून उठायला लागला तसं ललिताने आपल्या न मिटणाऱ्या बोटांनी तिकडे दाखवलं आणि म्हणाली, ‘‘भाऊ, तिकडं नाई पाह्यलं तुमी.’’

तो परत फिरला आणि त्या जागेवर गुडघे टेकून फुलं वेचायला लागला.